टेपरेकॉर्डरचे हेड: पुसा, पण जपून

जुन्या कॅसेटचा आवाज बसला, की आपण कॅसेटला दोष देऊन मोकळे होतो. पुष्कळदा बिचारी कॅसेट ठणठणीत असते. दोष असतो तो टेपरेकॉर्डरच्या हेडवर साचलेल्या मळाचा. तो घरच्या घरी काढता येतो, मात्र काढताना थोडे भान हवे.

गेल्या दिवाळीत इंदूरहून मावशी आली, तेव्हा तिच्या पिशवीत अनारशांच्या डब्याशेजारी रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट होती. साधीच, साठ मिनिटांची. लेबलावर मावशीच्या अक्षरात 'आई, उन्हाळा १९९६' एवढेच लिहिलेले. त्या सुट्टीत आम्ही सगळी मावस-मामे भावंडे इंदूरला जमलो होतो आणि आजीही तिथेच होती. एका दुपारी मावशीने टेपरेकॉर्डर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला, बटण दाबले आणि आजीला बोलते केले. आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, तिच्या माहेरच्या गावच्या गमती सांगितल्या आणि मग मावशीच्या आग्रहावरून थालीपिठाच्या भाजणीचे प्रमाण सांगितले. आजीला जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिचा आवाज उरला आहे तो एवढ्या एका कॅसेटवर.

मावशीकडचा टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. आमचा मात्र माळ्यावर होता. मी तो उत्साहाने खाली काढला, फडक्याने वरून पुसला, वायर लावली, पाते फिरते आहे असे पाहिले आणि थेट आजीची कॅसेट लावली. आवाज आला, पण जाड गोधडीखालून कुणी बोलावे तसा. "कॅसेट गेली वाटतं," आई हळूच म्हणाली. मी आवाज वाढवला. कान देऊन ऐकल्यावर आजीचे शब्द कळू लागले. ओव्या झाल्या, गमती झाल्या. "तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन वाट्या, उडीद..." इथे आवाज लडबडला, चिरकला आणि टेपरेकॉर्डर थांबला. झाकण उघडून पाहते तो टेप आतल्या रबरी चाकाला गुंडाळलेली. घाबरून मी कॅसेट ओढली. व्हायचे तेच झाले. टेप तुटली आणि चाकाभोवती अडकलेला भाग चिमट्याने तुकड्या-तुकड्यांत काढावा लागला.

कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने चालते. आमची साधारण मीटरभर टेप गेली, म्हणजे एकवीस सेकंद. तेवढ्या वेळात आजीने उडीद, गहू, बाजरी आणि धण्यांचे माप सांगितले असणार. आई म्हणते, आई उडीद एक वाटी घालायची. मावशी म्हणते, छे, अर्धीच. हा वाद आता मिटायचा नाही, आणि त्याला जबाबदार मी आहे.

दुसऱ्या दिवशी मी तो सेट घेऊन आमच्या भागातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. आता त्यांच्या दुकानात मोबाइलचे चार्जर आणि मिक्सरच जास्त असतात, पण हात जुना आहे. त्यांनी झाकण उघडले, टॉर्चचा उजेड पाडला आणि म्हणाले, "ताई, कॅसेटला कशाला नावं ठेवता? हे हेड बघा आधी." चकचकीत दिसायला हवा असा तो धातूचा तुकडा चहाचा डाग वाळावा तसा तपकिरी झाला होता. शेजारचे रबरी चाक बोटाला चिकटत होते. काकांकडे तासभर बसून जे शिकले आणि नंतर घरी करून पाहिले, ते या वेळी वाचकांपुढे ठेवते आहे. तुमच्याही कपाटात अशी एखादी कॅसेट असेल. मुंजीतली, डोहाळजेवणातली, आजोबांच्या कीर्तनाची किंवा पहिल्यांदा बोबडे बोललेल्या बाळाची.

हेड म्हणजे नेमके काय?

कॅसेटमधील टेप म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. तिच्या एका बाजूवर चुंबकीय पूड चिकटवलेली असते. साध्या कॅसेटमध्ये ती लोखंडाच्या ऑक्साइडची, म्हणून रंग तपकिरी. अशी टेप प्रथम जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमर यांनी १९२८ साली केली. तिच्यावर चालणारे 'मॅग्नेटोफोन' हे यंत्र १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आले. आपल्या ओळखीची छोटी कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. ती तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख लू ओटेन्स २०२१ साली, वयाच्या ९४व्या वर्षी निवर्तले.

टेपवरची चुंबकीय खूण वाचून तिचे विजेच्या संकेतात रूपांतर करायचे, हे हेडचे काम. आत लोखंडी जातीच्या धातूचे छोटे कडे असते आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. या कड्याला समोरच्या बाजूने एक फट असते, तीही डोळ्यांना न दिसणारी, एक-दोन मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. टेप या फटीला अगदी चिकटून सरकली तरच आवाज नीट उमटतो.

आता मळाचा थर का एवढा नडतो ते पाहा. बांगड्यांची किणकिण, 'स'चा शीत्कार असा बारीक, उंच आवाज टेपवर अतिशय जवळजवळच्या लहरींनी नोंदला जातो. दहा हजार हर्ट्झच्या आवाजाची एक लहर टेपवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागा घेते. हेड आणि टेप यांच्यामध्ये मळाचा एकच मायक्रॉन थर आला, तरी त्या आवाजाचा संकेत जेमतेम पाव उरतो. दोनशे हर्ट्झच्या जाड आवाजाची लहर मात्र दोनशे मायक्रॉनहून लांब असते, तिला त्या थराचे काहीच वाटत नाही. म्हणून मळक्या हेडवर आवाज पूर्ण बंद पडत नाही, फक्त त्यातला बारीकपणा जातो आणि माणूस गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा वाटतो. अशा वेळी आवाजाचे बटण कितीही पिळले तरी उपयोग नाही. जे हेडपर्यंत पोहोचतच नाही, ते वाढणार कसे?

हा मळ बाहेरून येतो तसाच टेपमधूनही येतो. टेप घासत जाते तशी तिच्यावरची पूड आणि ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ थोडा थोडा हेडवर बसतो. कॅसेट जुनी, पावसाळे खाल्लेली असेल तर जास्तच. त्यात टेपरेकॉर्डर ओट्यावर असला, तर फोडणीच्या वाफेने धूळ आणखी घट्ट बसते. आमच्या लहानपणी तर सकाळच्या अभंगांसाठी तो स्वयंपाकघरातच असायचा.

दोष कॅसेटचा की हेडचा?

हे ओळखायला तीन-चार वेगवेगळ्या कॅसेट लावून पाहाव्यात. अर्थात गेल्या तरी हळहळ वाटणार नाही अशा. सगळ्यांचाच आवाज बसका येत असेल, तर हेड मळले आहे असे समजावे. एकच कॅसेट बसकी आणि बाकीच्या स्वच्छ असतील, तर दोष त्या कॅसेटचा. दोन स्पीकरच्या सेटमध्ये एका बाजूचा आवाज मंद आणि दुसऱ्या बाजूचा बरा, हेही मळाचेच लक्षण असू शकते. स्टिरिओ टेपवर एका बाजूच्या आवाजाची पट्टी अवघी ०.६ मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे हेडच्या एवढ्याशा भागावर मळ बसला तरी एक कान बंद होतो.

आवाज लडबडत असेल, गाणे मध्येच ओढल्यासारखे होत असेल, तर मात्र हेडकडे पाहू नका. तो दोष रबरी चाकाचा किंवा आतल्या रबरी पट्ट्याचा म्हणजे बेल्टचा असतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सेटमध्ये हा बेल्ट कधीकधी वितळून डांबरासारखा होतो. तो बदलायला सेट पूर्ण उघडावा लागतो, तेव्हा ते काम जाणत्याकडेच द्यावे.

पुसायचे कशाने?

हेडसाठी योग्य द्रव म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत याची बाटली मिळते. दुकानदार त्याला 'आयपीए' म्हणतात. बाटलीवर ९० टक्क्यांहून अधिक शुद्धता लिहिलेली पाहून घ्यावी, ९९ टक्के मिळाले तर उत्तम. ७० टक्क्यांच्या द्रवात उरलेले पाणीच असते आणि ते वाळायला वेळ घेते. हा द्रव पटकन पेट घेतो. म्हणून देवापुढची समई, गॅस, उदबत्ती यांच्यापासून दूर, खिडकी उघडी ठेवून काम करावे आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

घरात सहज सापडणाऱ्या पर्यायांचा मोह आवरा. सॅनिटायझर अल्कोहोलचाच असतो हे खरे, पण त्यात हात मऊ राहावेत म्हणून बहुधा ग्लिसरीन असते. ते हेडवर चिकट थर सोडते आणि आपण एक मळ काढून दुसरा लावतो. अत्तर आणि कोलनचेही तेच. नेलपॉलिश रिमूव्हरमधील अॅसिटोनने आतले प्लॅस्टिक विरघळते. थिनर, पेट्रोल, रॉकेल यांचे तर नाव नको. आणि शिवणयंत्राचे तेल! 'किरकिरतंय, जरा तेल सोडू या' असे म्हणणारे एक तरी काका प्रत्येक घरात असतात. त्यांना चहा देऊन बाहेरच्या खोलीत बसवावे. तेलाचा एक थेंब रबरी चाकाला लागला, की टेप घसरू लागते.

पुसायला कानात घालायच्या कापसाच्या काड्या चालतात, मात्र घट्ट कापसाच्या, धागे न सोडणाऱ्या घ्याव्यात. घरीच काडीला कापूस गुंडाळणार असाल, तर काडीचे टोक उघडे राहता कामा नये. ब्लेड, पिन, टाचणी, स्क्रू-ड्रायव्हर, फार काय बोटाचे नखही हेडला लावू नये. त्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक ओरखडा उठला, की तो पुढे प्रत्येक टेपला किसत राहतो.

पुसण्याची रीत

आधी वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढावी आणि सेल असतील तर तेही काढावेत. माळ्यावरून काढलेल्या सेटमध्ये जुने सेल पाझरून पांढरी पूड जमलेली असते, तेही या निमित्ताने दिसेल. वायरचे वेष्टण उंदराने कुरतडलेले नाही ना, हे पाहावे. सेटचे मागचे झाकण मात्र उघडू नये. हेड पुसायला त्याची गरजच नसते आणि आत विजेचा साठा उरलेला असू शकतो.

कॅसेटचे झाकण उघडा. जुन्या, दट्ट्यासारख्या बटणांच्या सेटमध्ये वीज बंद असताना 'प्ले'चे बटण दाबले, की हेड पुढे सरकते आणि नीट दिसते. टॉर्च धरायला कुणाला तरी बोलवा, एका हाताने ते जमत नाही. समोर मधोमध जो मोठा चकचकीत तुकडा असतो, ते ऐकवणारे आणि नोंदवणारे हेड. त्याच्या एका बाजूला दुसरे, लहान, ते खोडणारे हेड. काही स्वस्त सेटमध्ये तो नुसता छोटा चुंबकच असतो. दुसऱ्या बाजूला रबरी चाक आणि त्याला लागून पोलादाची बारीक उभी दांडी असते. तिला कॅपस्टन म्हणतात आणि टेपचा वेग तीच ठरवते.

काडी द्रवात बुडवावी आणि बाटलीच्या काठाला निथळून घ्यावी. ती ओलसर हवी, गळती नको. झाकणाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर थेंब पडला तर ते चिरते, तेव्हा सांभाळून. मग हेडच्या तोंडावर हलक्या हाताने, टेप जाते त्या दिशेने काडी फिरवावी. दाब अजिबात नको, डोळ्यात काजळ घालताना जेवढा असतो तेवढाच पुरे. काडी तपकिरी निघेल. तीच काडी परत बाटलीत बुडवू नये, नवी घ्यावी. काडी पांढरी निघेपर्यंत हे करावे. आमच्या हेडला सात काड्या लागल्या. मग लहान हेड, टेपला वाट दाखवणारे बाजूचे खाचे आणि शेवटी कॅपस्टन. कॅपस्टनवर बहुधा काळपट वळे बसलेले असते. ते सुटायला वेळ लागतो, पण नख न लावता पुनःपुन्हा ओली काडी फिरवली की सुटते.

शेवटी कोरडी काडी फिरवावी, कापसाचा धागा कुठे अडकलेला नाही हे उजेडात पाहावे आणि झाकण उघडे ठेवून दहा मिनिटे थांबावे. पावसाळ्यात आणखी थोडे. ओल्या हेडवर टेप चालवली तर तिच्यावरची पूड सुटते आणि हेडला चिकटते. घाई करणाऱ्यांचे नुकसान इथेच होते.

एरवी दहा तास ऐकल्यावर, म्हणजे साठ मिनिटांच्या दहा कॅसेट झाल्यावर हेड पुसावे. फार जुन्या कॅसेट ऐकत असाल तर प्रत्येक कॅसेटनंतर पुसलेले बरे. बाजारात मिळणारी हेड साफ करायची कॅसेट सोयीची वाटते, पण तिच्यातली कोरडी जात म्हणजे बारीक पॉलिशकागदच. ती वरचेवर वापरली की हेड झिजते. ओल्या जातीची त्या मानाने बरी, तरी कापसाच्या काडीला तोड नाही.

रबरी चाकाकडेही पाहा

माझी कॅसेट खाल्ली ती या चाकाने, म्हणून त्याच्याविषयी दोन शब्द अधिक. 'प्ले'चे बटण सोडवून चाक मोकळे करावे आणि बोटाने फिरवत फिरवत पुसावे. रबरावर अल्कोहोल सढळ हाताने लावू नये, वारंवार लावल्यास रबर कोरडे पडून कडक होते. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून कापड भिजवावे, घट्ट पिळून त्याने चाक पुसावे आणि मग साध्या ओल्या कापडाने पुन्हा. चाकाचा रंग मंद काळा दिसला पाहिजे. ते आरशासारखे चमकत असेल, त्याला भेगा असतील किंवा पुसूनही बोटाला चिकटत असेल, तर त्याचे आयुष्य संपले. नवे बसवल्याशिवाय त्या सेटमध्ये मोलाची कॅसेट घालू नये.

आणि टेप गुंडाळली गेलीच तर? मी केले ते करू नका. आधी वीज बंद करा. 'स्टॉप' दाबून हेड मागे घ्या. कॅसेट वर न ओढता, रबरी चाक बोटाने उलटे फिरवत टेप सैल करा. ती सगळी मोकळी झाली की मगच कॅसेट उचला आणि पेन्सिल घालून सैल टेप आत गुंडाळा. टेप चुरगळली म्हणजे आवाज पुसला गेला असे नाही. चुरगळलेल्या जागी तो कमीजास्त होईल, पण कळेल. तुटली तरच गेले.

चुंबकाची भीती कितपत खरी?

हेड हळूहळू स्वतःच चुंबक बनते, मग टेपवरचे बारीक आवाज पुसट होतात आणि मागे सूं-सूं वाढते, असे जुने जाणकार सांगतात. त्यासाठी 'डिमॅग्नेटायझर' नावाचे उपकरण असते. चुंबकत्व येते हे खरे. पण नुसते ऐकण्यापुरता सेट वापरणाऱ्या घरात ती पहिली शंका नव्हे. दहातल्या नऊ घरांत आधी काडी आणि अल्कोहोलच लागेल, असे काकांचे मत आहे आणि मला ते पटले.

उपकरण कुणाकडून आणलेच, तर वापर नीट समजून घ्या, कारण चुकीच्या वापराने हेड होते त्याहून जास्त चुंबकीय होते. टेपरेकॉर्डर बंद हवा. कॅसेट सगळ्या दुसऱ्या खोलीत, आणि मनगटी घड्याळ, बँकेची कार्डे, संगणकाची हार्ड डिस्कही. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी हे काम करू नये, जवळही थांबू नये. उपकरण हेडपासून हातभर दूर धरून मग चालू करावे, अगदी सावकाश जवळ आणावे, हेडला न टेकवता समोरून हळू फिरवावे आणि तेवढ्याच सावकाश हातभर दूर नेऊन मग बंद करावे. जवळ असताना बटण बंद झाले किंवा वीज गेली, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. ज्यांच्याकडे वीज वरचेवर जाते त्यांनी दुपारची वेळ साधावी! कॅसेटच्याच आकाराचे, सेलवर चालणारे डिमॅग्नेटायझरही असतात. नवख्याला तेच सोपे.

चुंबक दूर ठेवणे हा त्याहून सोपा उपाय. हल्ली पुष्कळ स्क्रू-ड्रायव्हरचे टोक स्क्रू उचलता यावा म्हणून चुंबकीय केलेले असते. ते हेडजवळ नेऊ नका. घरात इलेक्ट्रॉनिक्सची आवड असलेला मुलगा असेल तर त्याला सांगून ठेवा, की हेडची तार शाबूत आहे का हे मल्टीमीटरच्या ओहम् पट्टीवर तपासायचे नाही. मीटरमधून जाणारा एकदिश प्रवाह हेडला चुंबक बनवतो.

तो एक छोटा स्क्रू

हेड दोन स्क्रूंनी बसवलेले असते. त्यांतील एकाखाली स्प्रिंग असते आणि त्याच्या डोक्यावर बरेचदा रंगाचा ठिपका. हा स्क्रू सैल आहे असे समजून तो आवळण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. कृपा करून त्याला हात लावू नका. हेडची फट टेपशी काटकोनात राहावी म्हणून कारखान्यात तो स्क्रू बसवून रंगाने बंद केलेला असतो. तो जरा फिरला की हेड तिरपे होते आणि बारीक आवाज गायब होतात. मग कितीही पुसले तरी गोधडी उठत नाही. उलट, तुमच्या बाकीच्या कॅसेट स्वच्छ वाजतात आणि एकच बसकी वाजते असे असेल, तर ती कदाचित तिरप्या हेडच्या सेटवर नोंदलेली असेल. तिच्यासाठी तो स्क्रू तात्पुरता फिरवून आवाज मिळवता येतो, पण ते काम कान तयार असलेल्या माणसाचे.

मोलाची कॅसेट लावण्याआधी

सर्वांत आधी कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या तुटलेल्या आहेत का ते पाहा. नसतील तर पेनाच्या टोकाने तोडून टाका. मग चुकून 'रेकॉर्ड' दाबले तरी बटण बसणार नाही. एका अंगठ्याच्या चुकीने आजोबांच्या कीर्तनावर टीव्हीच्या जाहिराती नोंदल्या गेल्याची उदाहरणे काही थोडी नाहीत.

कॅसेटच्या खिडकीतून टेप पाहावी. तिच्या कडांवर पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नये. बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते, शिवाय ती नाकातोंडात जाणेही बरे नव्हे. ती वेगळ्या पिशवीत बंद करून जाणकाराकडे द्यावी. टेपच्या मागे, मधोमध, पितळी पट्टीवर चिकटवलेली एक मऊ गादी असते. ती टेपला हेडवर दाबून धरते. जुना गोंद वाळून ती पडलेली असली, तर स्वच्छ हेडवरही आवाज बसकाच येणार.

पहिले काही वेढे पेन्सिलीने हाताने फिरवून टेप कुठे चिकटलेली नाही हे पाहा. मग सेट आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर निदान अर्धा तास चालवा. तो तिला खात नाही अशी खात्री झाली, की मगच तुमची कॅसेट लावा. लावतानाच नोंद करून घ्यायची तयारी ठेवा. हेडफोनच्या छिद्रातून वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडली की झाले. मोबाइल स्पीकरसमोर धरूनही काम भागते, पण पंख्याचा आवाज त्यात येतो. जुनी टेप पुन्हा तेवढीच चांगली वाजेल याचा भरवसा नसतो, म्हणून पहिल्याच वेळी नोंदवावे आणि तिची एक प्रत भावाबहिणीकडेही पाठवावी.

आमच्या सेटला काकांनी नवे रबरी चाक बसवले आणि तुटलेली टेप बारीक चिकटपट्टीने जोडून दिली. हेड मी घरी पुसले. मावशी इंदूरला परतण्याच्या आदल्या रात्री आम्ही कॅसेट पुन्हा लावली, या वेळी संगणक जोडून. गोधडी उठली होती. आजीच्या आवाजामागे तिच्या बांगड्या वाजत होत्या, कुकरची शिट्टी झाली, आणि कुणीतरी पोर मध्येच बडबडले तेव्हा आजीने "श्श्, टेप होतंय" म्हणून त्याला गप्प केले. ते पोर मी, असे मावशी म्हणते. 'उडीद' या शब्दानंतर एक झटका बसतो आणि आजी एकदम "...मंद आचेवर, करपू द्यायचं नाही" इथे येते. आई आणि मावशी एकमेकींकडे पाहून गप्प बसल्या.

पहिली बाजू संपली. दुसरी लावण्याआधी मी झाकण उघडून हेड पुन्हा पुसले. काडी परत तपकिरी निघाली.